वर्षातून चार दिवस लागणारा कटर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि मंडणगड-दापोलीकडच्या वाड्या दुपारच्या दुपारी आडव्या झाल्या. आमच्या आगरात अकरा पोफळी आणि एक फणस पडला. फणस नेमका वाटेवर. घरात कटर होता. (चेनसॉ हा शब्द दुकानात. गावात सगळे कटरच म्हणतात.) दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, बावीस इंची बारचा (बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पुढची लांब पट्टी), अंगावर ‘५८ सीसी’ असा ठसठशीत स्टिकर. दोरी ओढून ओढून माझा आणि चुलतभावाचा खांदा निखळायचा बाकी राहिला, पण मशीन एकदा फुरफुरलंसुद्धा नाही. शेवटी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत. तीन दिवस गेले.

महिन्याभराने मशीन तालुक्याला नेलं. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून माझ्यासमोर धरला. आत मधासारखा पिवळा चिकट थर होता. त्यात डायफ्रॅम म्हणून एक पातळ लवचीक चकती असते, ती तळायच्या आधीच्या पापडासारखी ताठ झालेली.

“दादा, टाकीत पेट्रोल ठेवून पुण्याला गेलात ना?”

“हो. का?”

“मशीन चालवून नाही हो बिघडत. ठेवून बिघडतं.”

घरगुती कटर घेताना हेच एक वाक्य मी धरून बसतो. लाकूडतोड्याचं मशीन रोज आठ तास राबतं, त्याला ताकद आणि टिकाऊपणा हवा. आपलं मशीन वर्षात चार-पाच दिवस चालणार आणि उरलेले ३६० दिवस पडवीत लटकणार. तेव्हा किती सीसीचं आहे हे नंतर बघू. पडून राहिल्यावर ते पुन्हा चालू होईल का, आणि नाही झालं तर त्याचा सुटा भाग नि हात लावणारा माणूस जवळ आहे का, हे आधी बघायचं.

आधी सुतळी घ्या

दुकानात जाण्याआधी वाडीत एक फेरी मारा. जी झाडं, फांद्या, ओंडके तुम्ही खरोखर कापणार आहात त्यांना सुतळी गुंडाळा, परीघ मोजा आणि तीनने भागा. ९० सेंटिमीटर परीघ म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर जाडी, म्हणजे १२ इंच. वहीत लिहा. जळणाचे काजूचे सोट, वाळलेल्या आंब्याच्या फांद्या, कुंपणावरची भेंड, पडलेली पोफळ एवढीच यादी होते बहुतेकांची, आणि त्यातलं बरंचसं आठ-दहा इंचांच्या आतलं निघतं.

नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त एवढा बार पुरतो. म्हणजे घरासाठी १४ इंच, फार तर १६. अधूनमधून जाड बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. बावीस इंचीचा मोह का पडतो ते मला ठाऊक आहे, दुकानात तो टांगलेला भारदस्त दिसतो. पण त्याचं नाक जड असतं, अर्ध्या तासात मनगट भरून येतं. आणि मुख्य म्हणजे कानस मारायचं काम वाढतं. १४ इंची बारच्या चेनला साधारण २५ दाते असतात, २२ इंचीला ४३. बोथट झाल्यावर हे सगळे तुम्हालाच घासायचे आहेत.

यादी करून कामच दीड-दोन दिवसांचं निघालं तर मशीन घेऊ नका. गावात कटरवाला असतोच. पेट्रोलसकट त्याची दिवसाची मजुरी द्या आणि सावलीत बसून चहा घ्या. हे मी मनापासून सांगतोय.

वायर, बॅटरी की पेट्रोल

शहरातला बंगला, छोटी बाग, झाडं घरापासून वीस-पंचवीस मीटरच्या आत, असं असेल तर वायरचा इलेक्ट्रिक कटर घ्या. त्यात पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, त्यामुळे वर्षभर पडून राहिला तरी बटण दाबलं की सुरू. मात्र २००० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतं. मोबाईल चार्जरच्या छोट्या सॉकेटवर ते लावू नका, गीझरचा मोठा १५ अँपिअरचा सॉकेट पाहिजे. एक्स्टेंशनची वायर २.५ चौरस मि.मी. जाडीची, अर्थिंगसकट घ्या. लग्नाच्या मांडवातली बारीक वायर लावली तर ती गरम होते, व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. गावाकडे संध्याकाळी बल्ब पिवळा पडत असेल तर तेव्हा मशीन चालवूच नका. ओल्या गवतात, पावसात तर नाहीच.

वायरच्या मशीनची खरी अडचण मला निसर्गने दाखवली. झाडं पडतात तेव्हा खांबही पडतात. आमच्याकडे वीज यायला तीन आठवड्यांच्या वर लागले.

बॅटरीवाल्यांत दोन जाती आहेत. एक, नावाजलेल्या कंपन्यांची १२ ते १४ इंची मशीनं. चांगली आहेत, आवाज कमी, पण बॅटरी आणि चार्जर मिळून किंमत पेट्रोल मशीनच्या पुढे जाते. त्याच कंपनीचं ड्रिल किंवा गवत कापायचं मशीन घरात असेल आणि बॅटरी एकमेकांना चालत असेल तरच हिशेब बसतो. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करून सहा महिने ठेवली तर मरते. अर्धी भरून, मशीनपासून काढून, थंड जागी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी बघायची.

दुसरी जात म्हणजे ऑनलाइन दिसणारे चार-सहा इंची पिटुकले कटर. त्यांच्या बॅटरीवर ८८, १९८ असे व्होल्टचे आकडे छापलेले असतात. बॅटरीत पाच सेल एकापुढे एक असतील तर पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२ प्रमाणे २१ व्होल्ट होतात, त्यापुढचं सगळं छपाईच्या शाईतून आलेलं. हापूसच्या दोन-तीन इंची फांद्या उतरवायला हे बरे पडतात. पण एका हाताने चालतात हीच त्यांची खोड आहे, कारण मोकळा दुसरा हात आपोआप फांदी धरायला जातो, अगदी चेनच्या शेजारी.

वाडी असेल, वीज बेभरवशाची असेल तर पेट्रोल. इथे ३० ते ४० सीसीचं लहान मशीन घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो: स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १७० हे ३०.१ सीसीचं, एमएस १८० हे ३१.८ सीसीचं, हस्कवर्ना कंपनीचं १२० हे ३८.२ सीसीचं आहे. वजन बार-चेन सोडून चार ते पाच किलोंच्या आत. या मशीनांना दुकानदार ‘बाईमाणसाचं मशीन’ म्हणून नाक मुरडतो. मुरडू द्या. (आमची वहिनी ते माझ्यापेक्षा नीट चालवते.)

स्वस्तातल्या ५२-५८ सीसीवाल्या मशीनांबद्दल थोडं. ती सगळीच टाकाऊ नसतात, कितीतरी कटरवाले त्यांवर पोट भरतात. पण त्यांना रोज मशीन खोलायची सवय असते, आपल्याला नसते. आणि स्टिकरवर विसंबू नका. पुस्तिकेत बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दिला असेल तर सेंटिमीटरमध्ये बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५ करा. बोअर ४.५ आणि स्ट्रोक ३.४ असेल तर उत्तर ५४ येतं, ५८ नाही. सीसीपेक्षा किलोवॅटचा आकडा विचारा. घरच्या कामाला १.२ ते १.८ किलोवॅट भरपूर झाले. आकडाच कुठे छापलेला नसेल तर त्यातून काय समजायचं ते समजा.

दुकानात काय बघायचं

दुकान तालुक्याचंच बघा, ऑनलाइन हजार रुपये कमी दिसले तरी. आत गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. विचारा, “ह्याची एक जादा चेन, डायफ्रॅम किट आणि स्पार्क प्लग आत्ता द्याल का?” काउंटरखालून तिन्ही निघाल्या तर बसा. “मागवून देतो, दोन दिवसांत येईल” असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढचं दुकान गाठा. दुरुस्ती कोण करतो, तो इथेच बसतो की मशीन पुण्या-मुंबईला जातं, हेही विचारा.

मग मशीन हातात घ्या. पुढच्या हँडलसमोर पंजाच्या आकाराची एक ढाल असते, ती पुढे ढकलली की खट्‌ आवाज करून चेन जाम व्हायला हवी. हा चेन ब्रेक. तो नसेल किंवा सैल लागत असेल तर फुकट मिळालं तरी ते मशीन घेऊ नका. मागच्या हँडलवर तळहाताने दाबायची एक पट्टी असते, ती दाबल्याशिवाय एक्सलरेटर दबता कामा नये. हँडल धरून मशीन हलवून बघा. इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगचा किंचित लवचीकपणा जाणवला पाहिजे, नाहीतर संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात. एअर फिल्टरचं झाकण हाताने उघडतं का पाहा. पान्याशिवाय उघडत नसेल तर तुम्ही ते कधीच साफ करणार नाही, माणसाचा स्वभाव.

बारवर, मुळाशी, बारीक अक्षरं कोरलेली असतात: चेनचा पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि कड्यांची संख्या. फोटो काढून ठेवा. लहान मशीनला बहुधा ३/८ इंच पिचची लो प्रोफाईल (बुटकी) चेन असते, मोठ्यांना ०.३२५ इंचाची. पिच जुळला आणि गेज चुकला तर चेन बारच्या खाचेत एकतर शिरतच नाही किंवा डुगडुगते. दुकानदार घाईत ‘बसेल, बसेल’ म्हणतो. बसत नाही.

शेवटी मशीन थंड असताना त्याच्याकडून चालू करून घ्या. तीन गोष्टी बघा. चोक लावून किती ओढींत सुरू झालं? एक्सलरेटर सोडल्यावर चेन थांबली का? थांबायलाच हवी. रिकाम्या चालीत चेन फिरत असेल तर जुळणी चुकली आहे. आणि बारचं नाक पुठ्ठ्याच्या तुकड्यासमोर धरून जरा रेस केलं की पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली का? नाही उमटली तर बारला तेल पोचत नाहीये, आणि कोरडा बार एका दुपारीत निळा पडतो.

मशीनबरोबर जे घ्यायचं ते

चेन साधारण सेकंदाला २० मीटर धावते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावरची एसटी. बारच्या नाकाचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकला, अगदी मागे दडलेल्या फांदीला जरी, तर मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमच्या तोंडाकडे उसळतं. याला किकबॅक म्हणतात. म्हणून नाकाने कापायचं नाही. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून वळवलेलाच हवा. मशीनच्या रेषेत डोकं ठेवायचं नाही, थोडं डावीकडे उभं राहायचं. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही.

जाळीच्या पडद्याचं हेल्मेट, कानाला बोळे किंवा मफ, पकड घेणारे हातमोजे, पुढून टणक असलेले बूट हे मशीनच्या बिलातच धरा. मांड्यांवर बांधायचं चेन अडवणारं आवरण मिळालं तर जरूर घ्या. त्यातले धागे चेनमध्ये गुंततात आणि मशीन थांबतं. लुंगी, गमछा, लोंबती ओढणी अजिबात नको. स्लिपरवर कटर चालवणारे मी रोज पाहतो, आणि दर वर्षी त्यातला एक लंगडताना पाहतो.

काही कामं यंत्र कितीही चांगलं असलं तरी आपली नाहीत. उभा माड उतरवणं, शिडीवर चढून फांदी कापणं, विजेच्या तारेजवळचं काहीही. आणि वादळात मुळासकट पडलेलं झाड: बुंधा कापला की मातीचा गड्डा उलटून पुन्हा उभा राहू शकतो, त्याच्यामागच्या खड्ड्यात कोणी असेल तर संपलं. वाकलेल्या फांदीत ताण असतो. कापली की ती चाबकासारखी येते. ही कामं जाणत्या माणसाला द्या.

आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्याच जमिनीतलं असलं तरी तोडण्याआधी परवानगी लागते. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा, गोव्यात १९८४ चा. वादळात पडलेल्या झाडाचेही आधी फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा होऊ द्या, मग कटर लावा. भरपाईचा अर्ज करायचा असेल तर हे विसरू नका.

तेल-पेट्रोल

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. कंपनीचं चांगलं टू-टी ऑइल असेल आणि पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मि.ली. पुस्तिका २५:१ म्हणत असेल तर ४० मि.ली. अंदाजपंचे नाही, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, आणि मग मशीन दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेतलेलं परवडतं. मिश्रण पांढऱ्या डब्यात करावं, ऑइलचा रंग दिसतो, म्हणजे साधं पेट्रोल चुकून टाकीत जात नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. जास्त पाणी शिरलं की इथेनॉल-पाणी खाली बसतं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल वर राहतं, आणि कार्बोरेटर नेमकं खालचं पितो. म्हणून एका वेळी लिटरभरच मिश्रण करा आणि महिन्याच्या आत संपवा. उरलेलं पुन्हा कटरमध्ये घालू नका.

बारच्या टाकीत बार ऑइल. नसेल तर नवं इंजिन ऑइल चालवून घ्या. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून घालतात, पण त्यातली धातूची कणी ऑइलपंप खाते आणि तेच काळं पाणी तुमच्या आळ्यात उडतं. गोडेतेल दोन दिवस चालतं, मग पडून पडून डिंक होतं. इलेक्ट्रिक आणि बॅटरीच्या मशीनलाही बार ऑइल लागतं, हे अनेकांना धूर निघाल्यावर कळतं.

चेन

नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल होते, तेव्हा थांबून, थंड होऊ देऊन पुन्हा ताणा. ताण बरोबर असेल तर चेन बारच्या खालच्या कडेला लागून बसते, हातमोजा घालून ओढली की थोडी उचलते, सोडली की टपकन परत बसते, आणि हाताने सहज सरकते. गरम चेन ताणून तशीच ठेवली तर थंड झाल्यावर आवळते.

धार गेली हे भुशावरून कळतं. धारदार चेन तांदळाएवढ्या-पोह्याएवढ्या ढलप्या उडवते. बोथट चेन पिठासारखा भुसा काढते, आणि मशीन दाबावं लागतं. दाबावं लागलं की थांबायचं. ३/८ लो प्रोफाईलला ४ मि.मी.ची गोल कानस, ०.३२५ ला ४.८ ची. दात्याच्या वर कोरलेली तिरकी रेघ धरून, आतून बाहेर, प्रत्येक दात्याला सारख्याच दोन-तीन ओढी. परत आणताना कानस उचलायची. एका बाजूचे सगळे दाते संपवा, मग दुसऱ्या. दर दोन टाक्यांनंतर हे केलं तर दहा मिनिटांचं काम आहे. डाव्या दात्यांना तीन आणि उजव्यांना पाच ओढी मारल्या तर कटर लाकडात वाकडा जातो. मी वर्षभर बारला दोष देत होतो.

माडाचं खोड मात्र वेगळं प्रकरण आहे. बाहेरून दगडासारखं, आत काथ्या. धार झपाट्याने जाते आणि तंतू स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गच्च बसतात. एक माड कापला की झाकण उघडून दाभणाने ते काढा. आणि जमिनीवर पडलेला ओंडका पूर्ण आरपार कापू नका. खाली लाकडाचा ठोकळा लावा किंवा पाऊण जाडीपर्यंत कापून ओंडका उलटवा. जांभा दगडाला चेन एकदा टेकली की सकाळची सगळी धार गेली.

ठेवताना

काम संपल्यावर टाकी पूर्ण ओता. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पुन्हा एकदा चोक लावून ओढा, उरलेला थेंबही जाऊ दे. एअर फिल्टर ब्रशने झाडा. बार काढून खाचेतला चिखलासारखा भुसा पातळ पत्र्याने खरवडा, मुळाजवळचं तेलाचं भोक काडीने मोकळं करा, आणि बसवताना बार उलटा बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन जुन्या डब्यात तेलात बुडवून ठेवा. आमच्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्याच डब्यात कानस, जादा प्लग, डायफ्रॅम किट, बारच्या आकड्यांची चिठ्ठी आणि मेकॅनिकचा नंबर.

मशीन चुलीच्या धुराच्या वर किंवा ओल्या भिंतीला टांगू नका. हँडलला एक पुठ्ठा बांधून त्यावर टाकी रिकामी केल्याची तारीख लिहा. मेच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस आणि वादळं यायच्या आधी, ताजं मिश्रण घालून एकदा दहा मिनिटं चालवा, एखादा सोट कापा, पुन्हा रिकामं करा. तेव्हा सुरू नाही झालं तर दुरुस्तीला अजून तीन-चार आठवडे हातात असतात, आणि मेकॅनिककडे तोपर्यंत रांग लागलेली नसते.